खालचं खडप

अण्णा नगर, चेन्नई
१५ फेब्रुवारी २०२५

रघुरामसाहेबांना प्रभावती तांडेलचा नमस्कार.

फोनवर तुम्ही माझं तिसरं वाक्य ऐकत नाही. "बाई, मी मीटिंगमध्ये आहे" म्हणता आणि बंद. पत्राला मीटिंग नसते, म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही देवगडच्या बाजूची, आणि त्यातलं एक वर्ष छप्पर उडालं म्हणून बुडालेलं. तेव्हा अक्षराला हसू नका. तुमच्या वडिलांनी, अप्पाजींनी, चाळीस वर्षं टपाल खात्यात काढली, घरात पाकिटांचा खच आहे, त्यातलंच एक घेतलंय. त्यांना विचारलेलं नाही.

समोरच्या सुष्मितेनं तुम्हाला पुण्याला काय काय कळवलं ते समजलं. एकेकाचं उत्तर देते.

अप्पाजींचा गुडघा फुटला, हे खरं. बुधवारी संध्याकाळी न्हाणीघरात पाय घसरला. तीन टाके पडले. हाड शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले. कपडे ओले होते म्हणे. न्हाणीघरात माणूस ओला होतो, त्यात सुष्मितेला नवल कसलं?

ते हिरव्या चौकड्यांची लुंगी नेसून जिना चढत होते आणि तसली लुंगी आपल्या घरात कधीच नव्हती, असं ती म्हणते. दुसऱ्याच्या घरातल्या लुंग्या ध्यानात ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

जिन्यात वाळू होती. मागच्या गल्लीत बांधकाम चालू आहे.

त्यांना धरून आणणारा मिशीवाला माणूस रिक्षावाला होता. डॉक्टरकडून आणलं ना आम्ही. त्याला मी वेंकट म्हणून हाक मारली. मग काय, रिक्षावाल्याला नाव असू नये?

आणि माशाचा वास आला असेल तर तो माझा. मी खाणारी आहे, घरून खाऊन येते. तुमच्या आईंनी, वसंताबाईंनी, मला धुण्याभांड्याला ठेवलं त्याला नऊ वर्षं झाली. त्या गेल्यापासून स्वयंपाकही माझ्याकडे आहे. पण तुमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत एक सुका बोंबील मी आणलेला नाही. हे सुष्मितेलाही विचारा.

अप्पाजी आता बरे आहेत. आज सकाळी मला तिथी विचारली. मी म्हटलं तृतीया. तर बोटं मोजून म्हणाले, "आणखी बारा दिवस." कसले बारा दिवस ते मला माहीत नाही.

काळजी नसावी.

प्रभावती

•

२३ फेब्रुवारी

रघुरामसाहेब,

तुमचा निरोप सुष्मितेच्या फोनवर आला आणि तिनं तो मला जिन्यातच वाचून दाखवला, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा. एक एप्रिलपासून अप्पाजी कोइम्बतूरला, वृद्धांच्या वसाहतीत. तिथल्या न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, बटण दाबलं की नर्स येते. न्हाणीघरात पडणारा माणूस एकटा राहू शकत नाही, म्हणून.

मी न्हाणीघर लिहिलं तेव्हा त्यातून कोइम्बतूर निघेल हे मला कुठे माहीत होतं?

आपलं न्हाणीघर घसरडं नाही. मी रोज स्वतः घासते. आता तुम्ही म्हणाल, मग पडले कसे? ते राहू द्या. आधी दुसरं सांगते. ते सगळं खरं आहे.

वसंताबाई गेल्यावर तुम्ही अप्पाजींना पुण्याला नेलंत. तीन महिन्यांनी ते न सांगता गाडीत बसून परत आले. तुम्हाला राग आला, येणारच. पण त्याला तेरा महिने झाले. तुम्ही दोघं बोलत नाही, मधल्या मधे मी. त्या तेरा महिन्यांत इथे काय चाललं होतं ते तुम्ही मला कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुपारी बारापर्यंत अंघोळ नाही. टीव्ही चालू, आवाज बंद. दहीभाताचे चार घास. मी ओरडायची तेव्हा पाचवा. मी भांडी आपटली तरी मान वळवायचे नाहीत, आणि मी कशी आपटते ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग जानेवारीत ती अमावास्या आली, इथले लोक तै अमावास्या म्हणतात ती. त्या दिवशी समुद्रावर स्नान करून आई-वडिलांचं तर्पण करायचं. अप्पाजींच्या भटजींनी यंदा कोवळमला ठरवलं. केरळातलं नव्हे, आपलं महाबलीपुरमच्या वाटेवरचं. सोबत कोणी नाही, म्हणून मी गेले. सकाळी समुद्र भरलेला होता. स्नान झालं, तर्पण झालं, देवळाशी जेवण झालं, आणि दुपारी दोनच्या सुमाराला बसला उभे होतो तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. पाणी मागे गेलेलं आणि खडप उघडं!

तुम्ही पुण्यात राहता, तुम्हाला समजावून सांगते. खडप म्हणजे समुद्राच्या काठचे खडक. त्याला मजले असतात. वरच्या मजल्यावर उन्हात भाजलेल्या पांढऱ्या टोकदार टोप्या चिकटलेल्या असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मधल्यावर कालवं, धारदार शिंपल्यांची. सगळ्यात खालचा मजला रोज उघडत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हाच पाणी तिथवर हटतं, तेही तास-दीड तास. खरी वस्ती तिथे असते. आमच्याकडे बायका-पोरी त्या तासासाठी जेवण टाकून पळतात.

मी पिशवी अप्पाजींच्या हातात दिली आणि पळाले. बावन्न वर्षांची बाई साडी खोचून खडपावर पळतेय, भटजी बघतायत. मागे वळून बघते तर अप्पाजीही येतायत. धोतर वर धरलेलं आणि पिशवी डोक्यावर.

"प्रभाबाई, हें काय?" त्यांनी विचारलं.

खळग्यात फुलं होती. दगडाला धरून बसलेली, पाकळ्या हलणारी. मी म्हटलं बोट लावा. त्यांनी लावलं. फूल मिटलं, मुठीएवढं झालं. त्यांनी हात असा मागे घेतला की जणू रजिस्टर पत्राला जीभ फुटली.

"हें अस्कं जिवंत आहे की?"

"सगळं."

"आणि मी शहात्तर वर्षें काय बघालागलों होतों?"

मग एकेका गोष्टीवर बोट ठेवून नाव विचारायला लागले. हे कालव. हे शिनाणे, हिरव्या शिंपल्यांचे, खोबरं-तिरफळ घालून यासारखं काही नाही. ही कुर्ली. तो शंख चालतोय ना, त्यात खेकडा आहे, शंख त्याचा नाही, घुसलाय. अप्पाजी म्हणाले, आमच्या तंजावरी मराठीत यातलं एकही नाव नाही. तीनशे वर्षं तंजावरच्या भातशेतीत काढली, सांबार-पिटल्याचे सतरा शब्द आहेत, पण जे खाल्लं नाही त्याला नाव कोण ठेवणार? मी म्हटलं, मग घ्या आमची. त्यांनी बसच्या तिकिटांच्या मागे लिहून घेतली.

त्या रात्री त्यांनी तीन वेळा भात घेतला. दुसऱ्या दिवशी सात वाजता अंघोळ करून कॅलेंडरसमोर उभे. पुढची पौर्णिमा कधी?

हे एवढंच. एकदाच गेलो होतो. कोइम्बतूरला समुद्र नाही. विचार करा.

शिनाणे मी काढले, हेही सांगून टाकते. पण शिजवले तिथेच, कोळीवाड्यातल्या एका घरी. तुमच्या भांड्यांना शिवलेले नाहीत.

प्रभावती

•

१ मार्च

रघुरामसाहेब,

काल कोइम्बतूरच्या वसाहतीतून एक बाई आल्या होत्या. डॉक्टर. चांगल्या होत्या बिचाऱ्या, माझ्या कॉफीचं कौतुक केलं. हातात लांबलचक फॉर्म. अप्पाजींच्या गुडघ्याकडे बघून विचारलं, हे कसं झालं? मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी. अप्पाजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. चेहरा असा, की टपाल खात्यात सही करताना तसाच करत असतील.

"बाथरूमांत."

"एकटे होता?"

"एकटाच."

बाईंनी फॉर्मवर काहीतरी लाल शाईनं लिहिलं. त्या गेल्यावर मी अप्पाजींना विचारलं काय लिहिलं. म्हणाले, "पुन्हा पडण्याचा धोका." आणि शांतपणे आपली बसची तिकिटं वहीत चिकटवत बसले. त्या माणसानं जन्मात कधी खोटं बोललेलं मी ऐकलेलं नाही, साहेब. माझ्यासाठी बोलले, आणि ते बोलणंच त्यांना कोइम्बतूरला नेऊन टाकणार आहे. मला जेवण गेलं नाही. म्हणून आता सगळं लिहिते. तुम्हाला काय करायचं ते करा.

न्हाणीघरात कोणी पडलं नाही. बारा तारखेला, पौर्णिमेला, आम्ही पुन्हा कोवळमला गेलो होतो, आणि चूक माझी.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला पुस्तक लागत नाही. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, आली ती पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. पौर्णिमा पंधरावी. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी सव्वापाचला. माझ्या आजीपासून कोणाचं चुकलेलं नाही. अप्पाजींनी विचारलं होतं, "मागल्या खेपेस दोन वाजतांच पाणी हटलेलें होतें की?" मी म्हटलं, ते अर्धंच होतं. दोनला एवढं दिसलं तर सव्वापाचला किती दिसेल! तुम्हाला काय कळतं त्यातलं? असंच म्हटलं मी.

साडेचारला पोचलो. खडपावर जायच्या वाटेवर घोटाभर पाणी. मी म्हटलं, उतरेल आता. कडेच्या मोठ्या खडकावर जाऊन बसलो. मी डबा उघडला, पुळिओदरैचा चिंचभात खाल्ला. पाणी उतरेना. मी म्हटलं, इथलं पाणी आळशी दिसतंय. सव्वापाच झाले, वाट गुडघाभर. साडेपाच झाले, लाट आली की कंबरभर. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. पाणी उतरत नव्हतंच, साहेब, पहिल्यापासून चढत होतं. हा समुद्र पूर्वेचा. याचं घड्याळ आमच्यापेक्षा तीन तास पुढे आहे. सव्वीस वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं, आणि काठावर दहा माणसं जाळी विणत बसलेली असताना मी एकालाही विचारलं नव्हतं. कोकणातली बाई मद्रासच्या माणसाला ओहोटी विचारणार?

मी त्यांचा हात धरून निघाले. लाटेनं दोघांनाही खडकावर आणलं. त्यांचा गुडघा कालवांच्या धारेवर गेला. त्यांनी हाय नाही केलं. मी किंचाळले. वेंकटनं काठावरून बघितलं, पाण्यात शिरला आणि अप्पाजींना पाठुंगळी घेऊन बाहेर आणलं. वेंकट रिक्षावाला नाही, कोळी आहे. लुंगी त्याची. वाळू समुद्रावरची. वास तिघांचाही.

वाळूवर आल्यावर वेंकट मला म्हणाला, "अम्मा, कोणत्या गाढवानं तुम्हाला ही वेळ सांगितली?" अप्पाजी म्हणाले, "पंचांग चुकलें." पंचांग! तेव्हाही मला वाचवत होते.

म्हणजे तुमचे वडील पडणारे म्हातारे नाहीत. त्यांना पाडलं. ते मी.

आणखी एक, मग संपलं. समुद्राची हवा त्यांना बरी, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं. लग्न होऊन इथल्या अंबत्तूरला आले, नवरा वेल्डिंगवाला, तो म्हणतो दगडांवर काय बघायचं? सव्वीस वर्षं खडपाला पाय लागला नव्हता. तुमच्या वडिलांच्या धोतराआडून मी माझी हौस भागवली. त्यांना नंतर आवडलं, हे माझं नशीब.

परवा अमावास्येला आम्ही परत गेलो होतो. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मग मी एकटा जातों." या वेळी वेळ वेंकटला विचारली. दोन वाजून दहा मिनिटं. बरोबर निघाली. खालच्या खडपावर एक कानवाली गोगलगाय बघितली, हातभर नाही पण वीतभर नक्की. तिला हलवलं तर पाण्यात जांभळा रंग सोडते, दौत सांडावी तसा. अप्पाजी अर्धा तास तिच्यासमोर उकिडवे बसले होते. पडण्याचा धोका असलेला माणूस अर्धा तास उकिडवा बसतो का, ते त्या डॉक्टरबाईंना विचारा.

चौदा मार्चला पौर्णिमा आहे. ओहोटी सव्वादोनला. तुम्ही या. एकदा डोळ्यांनी बघा, मग कोइम्बतूर की अण्णा नगर ते ठरवा. मला काढायचं असेल तर त्यानंतर काढा, आधी काढलंत तर त्यांना न्यायला कोणी नाही.

प्रभावती

•

१७ मार्च

रघुरामसाहेब,

आलात, बघितलंत, विमानात बसून गेलात. कोइम्बतूरचं अवाक्षर नाही. मी दोन दिवस वाट बघितली. आता लिहिते.

त्या दिवशी तुम्ही माझ्यावर मनातून चिडला असाल. खडपावर उतरताना माझा गुडघा दुखायला लागला आणि मी म्हटलं, साहेब, तुम्हीच धरा अप्पाजींचा हात. माझा गुडघा दुखत नव्हता. मी नंतर वेंकटच्या बायकोबरोबर तिकडून शिनाणे काढत होते ते तुम्हाला दिसलंच असेल.

पण तुम्हाला एक गोष्ट कळली की नाही, मला शंका आहे. विमानतळावरून घरी, घरून कोवळमपर्यंत, गाडीत मागे तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत. मधे मी जुने हिशेब असल्यासारखी बसलेली. तेरा महिन्यांनी त्यांनी तुमच्याशी जे पहिलं बोलणं केलं ते असं होतं: "तिथें पाय ठेवूं नको, कालवं कापतात." तुम्ही म्हणालात, "सरी, अप्पा." आणि पाय बाजूला ठेवलात. लहान मुलासारखा. तुम्ही ते विसरला असाल, मी विसरणार नाही.

दुसरं, तो आठ पायांचा म्हाकूल. बिळाच्या तोंडाशी दगड रचून आत बसलेला, नुसता एक डोळा आणि दोन पाय बाहेर. अप्पाजी तुम्हाला म्हणाले, बघ, हा दार लावून बसतो. तुम्ही म्हणालात, "तुमच्यासारखाच." मी दहा हातांवर होते, तरी ऐकलं. ते म्हणाले, "माझ्या दाराला कडी आंतून. कोइम्बतुरांत ती बाहेरून असते." तुम्ही वाकून पाण्यात बघत राहिलात. मग तुमचा फोन वाजला. तुम्ही खिशातून काढलात आणि म्हणालात, "मी मीटिंगमध्ये आहे." आणि बंद! मी हातातले शिनाणे खाली टाकले हसता हसता. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं.

आता तुम्ही गेल्यानंतरचं, जे तुम्हाला माहीत नाही. तुमची टॅक्सी गेल्यावर अप्पाजी गॅलरीत उभे होते. मी म्हटलं, काही म्हणाले का साहेब? म्हणाले, "नाहीं. पण त्याच्या पाटलोणीस शेवाळ लागलें होतें. धुतांना श्रीरंजनी रागें भरेल." तुमच्या बायकोचं नाव मी त्यांच्या तोंडून किती दिवसांनी ऐकलं. मग आत जाऊन त्यांनी कपाटातून ट्रंक काढली. मला वाटलं, झालं, सामान भरतायत. तर तसंच होतं. दोन धोतरं, चष्मा, वसंताबाईंचा फोटो, आणि ती तिकिटांची वही. वही एकदा आत घातली, एकदा बाहेर काढली. म्हणाले, "तेथें हिचा उपयोग काय?" आणि बाहेर ठेवली.

मला रागच आला. मी ट्रंक ओढून पलंगाखाली ढकलली. म्हटलं, अजून उत्तर आलेलं नाही तर भरता कशाला? ते म्हणाले, "तो विचारूं शकला असता, मी तेथें जातों का म्हणून. मीही सांगूं शकलों असतों. आमच्या घरांत असेंच." आणि हसले. हसण्यासारखं काय होतं ते तुमचं तुम्हाला माहीत.

म्हणून विचारते. हो की नाही? एका शब्दाचं उत्तर द्या. पोस्टकार्ड चालेल. टपाल खात्याच्या माणसाच्या मुलाला तेवढं जमायला हवं. शहात्तर वर्षांच्या माणसाला असं अर्ध्या भरलेल्या ट्रंकेजवळ बसवून ठेवणं बरं नाही. तुम्ही मोठ्या कंपनीत माणसं सांभाळता म्हणे. कशी सांभाळता मला ठाऊक नाही.

जास्त बोलले असेन. कमी करणार नाही.

प्रभावती

•

३० मार्च, पाडवा

रघुरामसाहेब,

पाडव्याच्या शुभेच्छा. तुमचं पार्सल परवा आलं. सुष्मितेनं सही करून घेतलं आणि उघडेपर्यंत दारातून हलली नाही.

आत बूट. खडकावर चालायचे, रबराचे, तळव्याला दाते असलेले. चिठ्ठी नाही. अप्पाजींनी खोकं उलटं करून झटकलं, आतला कागद उजेडात धरला, पावतीची मागची बाजू बघितली. चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली त्या माणसानं, आणि त्याच्याच मुलानं चिठ्ठी घातली नाही.

मी म्हटलं, कोइम्बतूरला खडप नाही, मग बूट कशाला धाडतील? हे उत्तरच आहे. ते म्हणाले, "बुटाला मी उत्तर मानीत नाहीं." मग मीच त्या डॉक्टरबाईंना फोन लावला. खात्री नको? त्या म्हणाल्या, ती खोली तर तुमच्या साहेबांनी अठरा तारखेलाच नको म्हणून कळवली, दुसऱ्या कोणाला दिलीसुद्धा. अठरा तारीख! म्हणजे माझं ते रागाचं पत्र तुम्हाला पोचायच्याही आधी. मी एवढं तोंड सोडलं ते फुकट गेलं. आणि आम्ही इथे दहा दिवस ट्रंकेकडे बघत बसलो. सांगायला काय झालं होतं? बाप तसा मुलगा, दुसरं काय म्हणू.

अप्पाजींना सांगितलं तेव्हा ते उठून आत गेले. ट्रंक पलंगाखालून ओढल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. धोतरं परत जागेवर. मग बाहेर आले ते आठ नंबरचे बूट घालून, धोतरावर, आणि हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या. मी आत्ताच फरशी पुसली होती. काही म्हटलं नाही, हे माझं पाडव्याचं पुण्य समजा.

काल अमावास्या होती. दोघंही नवे बूट घालून गेलो. माझा पाच नंबरचा बरोबर बसला, तुम्हाला माझ्या पायाचं माप कसं कळलं देव जाणे. वेंकटनं बघितलं आणि हसून हसून जाळ्यातच बसला. म्हणाला, अम्मा, आता तुम्ही सरकारी अधिकारी दिसता. पण पाय एकदाही घसरला नाही. खालच्या खडपाच्याही खाली एक चीर उघडी पडली होती, काटेरी काळे गोळे दाटीनं बसलेले. अप्पाजींनी मोजले, तेवीस. नाव मला माहीत नव्हतं. वेंकटनं तमिळमधलं सांगितलं, ते त्यांनी वहीत घातलं. वहीत आता माझ्या नावांच्या शेजारी त्याची नावं आहेत, आणि कोणाकडेच नाव नाही त्यांच्यापुढे अप्पाजी नुसतं चित्र काढतात. चित्र त्यांना येत नाही. गोगलगाय सांबारच्या चमच्यासारखी दिसते.

फोन करा. रोज संध्याकाळी सहा ते सात ते फोनजवळ बसतात आणि विचारलं तर म्हणतात, वारा इथें चांगला येतो. त्या कोपऱ्यात वारा येत नाही.

राहिलं तिसरं. खोक्यात आणखी एक जोड होता, नऊ नंबरचा. अप्पाजींचा आठ, माझा पाच, माझ्या नवऱ्याचा सात. चुकून आला असेल तर कळवा, परत पाठवते. बारा एप्रिलला पौर्णिमा आहे, शनिवार. वेळ मी माझ्या रीतीनंच काढली, फक्त शेवटी तीन तास वजा केले. सव्वादोन. वेंकटनंही तेच सांगितलं, त्याला म्हटलं मला आधीच ठाऊक होतं.

तो नऊ नंबरचा जोड मी दाराशी ठेवलाय. कोणी त्याला हात लावत नाही, तरी अप्पाजी येता-जाता वाकून तो सरळ करतात.

प्रभावती तांडेल